सल्ला, लेखा आणि पत : प्रा. भीमराव आंबेडकर यांच्या वाणिज्यविषयक कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास (१९१७ ते १९४९)

गोषवारा

मुंबईच्या भांडवल बाजाराचा इतिहास सामान्यतः दलाल, गिरणीमालक आणि सट्टेबाज यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. मोबदला घेऊन गुंतवणूकविषयक सल्ला देणारा अभ्यासक त्यात क्वचितच आढळतो. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेल्या भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९१७-१८ च्या सुमारास मुंबईत रोखे व शेअर यांच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य समाजातील आहे हे कळताच ग्राहक दुरावले व पेढी बंद पडली. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार त्यांच्या पुढील वाणिज्य-अध्यापन, चलनविषयक संशोधन आणि लेखापरीक्षणविषयक भूमिकेच्या संदर्भात केला आहे. आर्थिक माहितीची विश्वसनीयता व्यक्तीच्या सामाजिक स्थानावर अवलंबून राहू नये, तिला नियमांचा आणि संस्थांचा आधार असावा, हा धागा या कारकिर्दीतून स्पष्ट दिसतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे संविधानविषयक, सामाजिक आणि धार्मिक कार्य मराठी वाचकांस सुपरिचित आहे. त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचाही गेल्या काही दशकांत पुष्कळ अभ्यास झाला. तथापि वाणिज्य शाखेच्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहण्याचा प्रयत्न त्या मानाने कमी झालेला आहे. लेखा कार्यालयातील उमेदवार, शेअर बाजारविषयक सल्लागार, वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक, लेखाशास्त्र शिकविणाऱ्या संस्थेतील व्यापारी कायद्याचा व्याख्याता आणि अखेरीस नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाचा घटनात्मक पुरस्कर्ता, असा हा प्रवास आहे. या पायऱ्या सुट्या सुट्या पाहिल्या तर त्या उपजीविकेच्या गरजेतून घडलेल्या योगायोगांसारख्या भासतात. एकत्र ठेवल्यावर मात्र त्यांतून वाणिज्याच्या अध्यापकाला अंतर्मुख करणारा एक प्रश्न उभा राहतो. आकडा बरोबर असला, तरी तो कोणी सांगितला यावरूनच त्याची किंमत ठरावी काय?

वाणिज्याच्या वर्गात आपण माहितीची कार्यक्षमता, विश्लेषकाचे स्वातंत्र्य आणि लेखापरीक्षकाची निःपक्षपाती भूमिका या संकल्पना शिकवितो. या संकल्पनांची कसोटी पाहणारा एक प्रसंग मुंबई शहरातच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेला, ही बाब आपल्या अध्यापनात यावयास हवी. या हेतूने प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

२. पार्श्वभूमी : मुंबईचा शेअर बाजार आणि 'पत'

मुंबईत शेअरांचे व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टाऊन हॉलच्या परिसरात झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी सुरू केले. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्या पैशातून शहरात कंपन्या स्थापण्याची व शेअरांच्या सट्ट्याची लाट उसळली. युद्ध संपताच १८६५ मध्ये ती ओसरली आणि अनेक घराणी बुडाली. या अनुभवानंतर १८७५ मध्ये दलालांनी एकत्र येऊन 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून नावारूपास आली.

या बाजाराचे कामकाज लेखी कागदपत्रांइतकेच, किंबहुना अधिकच, शब्दावर चालत असे. व्यवहार तोंडी ठरे, नोंद नंतर होई. गुजराती, पारशी, भाटिया, मारवाडी अशा समाजांच्या अंतर्गत नातेसंबंधांतून दलाल, सावकार आणि गुंतवणूकदार एकमेकांस ओळखत. शब्द मोडणारा मनुष्य बाजारातून उठत असे आणि त्याच्या समाजातही त्याची मान खाली जात असे. शब्द पाळला जाण्याची हमी या दुहेरी भीतीत होती.

मराठी भाषेतील 'पत' हा शब्द या स्थितीचे नेमके वर्णन करतो. पत म्हणजे उधार मिळण्याची पात्रता आणि पत म्हणजे समाजातील प्रतिष्ठा. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदतात, कारण प्रत्यक्ष व्यवहारात ते वेगळे नव्हते. या व्यवस्थेचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. आपल्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे तर फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजेच आजच्या उल्हासनगरात आलेल्या सिंधी विस्थापितांनी व्यापार पुन्हा उभा केला, त्यात समाजांतर्गत विश्वासाचा वाटा मोठा होता. परंतु जो विश्वास आतल्यांसाठी आधार असतो, तोच बाहेरच्यांसाठी भिंत होऊ शकतो. ज्याला समाजाने प्रतिष्ठाच नाकारली आहे, त्याने बाजारात पत कशी मिळवावी, या प्रश्नाला या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

३. बडोदा ते मुंबई : लेखा कार्यालय आणि सल्लागार पेढी

आंबेडकर १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळविली आणि सार्वजनिक वित्ताचे नामवंत अभ्यासक प्रा. एडविन सेलिगमन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदा संस्थानची नोकरी करणे भाग होते. त्यांच्या काही चरित्रांत लष्करी सचिव या पदाचा उल्लेख येतो. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत मात्र महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून नेमणूक झाल्याचे नमूद आहे. म्हणजे भारतातील त्यांच्या सेवेची सुरुवात हिशेबाच्या खात्यात झाली. या सेवेचा शेवट सर्वज्ञात आहे. हिंदू वस्तीत जागा मिळेना, म्हणून ते पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले आणि राहावयास जागा नसल्याने त्यांना बडोदा सोडावे लागले. दोन खंडांतील विद्यापीठांत सार्वजनिक वित्त शिकून आलेला मनुष्य लेखा कार्यालयात टिकू शकला नाही. त्याच्या हिशेबात चूक निघाली नव्हती. त्याला शहरात रात्र काढण्यास छप्पर मिळाले नव्हते.

मुंबईत परतल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि हिशेब लिहिण्याचे कामही केले. याच सुमारास त्यांनी रोखे व शेअर यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी सुरू केली. धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रग्रंथात याची नोंद केली आहे. प्रारंभी काम बरे चालले. पुढे सल्लागाराची जात समजली आणि ग्राहक येणे थांबले.

हा काळ लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिले महायुद्ध सुरू होते. गिरण्यांचा नफा वाढत होता आणि शेअर बाजारात तेजी होती. चांदीच्या टंचाईमुळे सरकारने १९१७ च्या अखेरीस प्रथमच एक रुपयाची कागदी नोट काढली होती. धातूऐवजी कागदावर विश्वास ठेवावा, असे सरकार जनतेला सांगत होते. अशा वेळी चलन, सार्वजनिक कर्ज आणि व्यापार यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेल्या सल्लागाराला मुंबईत मागणी असणे स्वाभाविक होते. ती काही काळ होतीही. नोटेच्या कागदावर विश्वास ठेवण्यास हळूहळू सरावणारे शहर या सल्लागाराच्या कागदावर मात्र विश्वास ठेवू शकले नाही.

४. पेढी बंद पडण्याचा अर्थ

वित्तीय विश्लेषक हा स्वतंत्र व्यवसाय त्या वेळी जगातही पुरता आकारास आलेला नव्हता. अमेरिकेत जॉन मूडी यांनी १९०९ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना श्रेणी देण्यास प्रारंभ केला होता. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांचा रोखे विश्लेषणावरील पायाभूत ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्लेषकांच्या सल्ल्याची संख्याशास्त्रीय तपासणी आल्फ्रेड कौल्स यांनी १९३३ मध्ये केली आणि बाजाराविषयीची व्यावसायिक भाकिते योगायोगापेक्षा सरस ठरल्याचा पुरावा मिळत नाही, असे दाखवून दिले. पुढे १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी लेखा-नफ्याच्या आकड्यांचा शेअरच्या किमतींशी असलेला संबंध तपासला. नफ्याच्या आकड्यात उपयुक्त माहिती असते, परंतु तिचा मोठा भाग वार्षिक अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच किमतीत उतरलेला असतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. लेखाशास्त्रातील भांडवल बाजारविषयक संशोधनाची परंपरा येथून बळावली.

या संपूर्ण परंपरेत एक गृहीतक अनुस्यूत आहे. सल्ल्याची पारख त्याच्या परिणामावरून व्हावी. भाकीत खरे ठरले तर विश्लेषकाची प्रतिष्ठा वाढते, चुकले तर घटते. कौल्स यांची तपासणी कठोर होती, पण न्याय्य होती. तीत भाकीत करणाऱ्याचे कूळ विचारलेले नव्हते.

मुंबईतील पेढीच्या बाबतीत ही कसोटी लागूच झाली नाही. सल्ला चुकला, ग्राहकांचे नुकसान झाले आणि म्हणून ते निघून गेले, असे चरित्रकार सांगत नाहीत. जो सल्ला काल घेण्याजोगा होता, तोच आज घेण्याजोगा राहिला नाही. मधल्या काळात शेअरच्या भावाविषयी किंवा कंपनीच्या ताळेबंदाविषयी कोणतीही नवी माहिती आलेली नव्हती. आलेली नवी माहिती सल्लागाराच्या जन्माविषयी होती.

अर्थशास्त्रात या प्रकाराचे विश्लेषण बऱ्याच उशिरा झाले. गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भेदभावाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात मालक, सहकारी आणि ग्राहक यांच्याकडून होणाऱ्या भेदभावाचा वेगवेगळा विचार केला आहे. मालक भेदभाव करीत असेल, तर स्पर्धेत त्याचा खर्च वाढतो आणि भेदभाव न करणारा प्रतिस्पर्धी त्याला मागे टाकू शकतो. ग्राहकाच्या भेदभावाला मात्र असा लगाम सहजी बसत नाही. आपल्या पूर्वग्रहाची किंमत मोजण्यास ग्राहक तयार असेल, तर बाजार त्याला ती मोजू देतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७६ मध्ये जातिव्यवस्थेचे प्रारूप मांडताना आणखी एक मुद्दा पुढे आणला. जातीचे नियम मोडणाऱ्यावर बहिष्काराची टांगती तलवार असते, म्हणून ज्यांना ते नियम मनातून पटत नाहीत तेही ते पाळतात. ज्या ग्राहकाला सल्ल्याचा लाभ झाला होता, तोही या भीतीपोटी दूर गेला असणे अशक्य नाही.

स्वतः आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात जातिसंस्थेची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवर निबंध वाचला होता. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात त्यांनी जातिव्यवस्थेची आर्थिक बाजूही तपासली. ही व्यवस्था मनुष्याला त्याच्या कुवतीनुसार व्यवसाय निवडू देत नाही, म्हणून ती आर्थिक दृष्ट्याही हानिकारक आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. या विधानामागे ग्रंथांचा अभ्यास होता. त्याच्या बरोबरीने, बंद पडलेल्या एका पेढीचा अनुभवही होता.

५. सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापन

सिडनहॅम वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालयाची स्थापना १९१३ मध्ये झाली. व्यापार हा केवळ पेढीवर उमेदवारी करून शिकण्याचा विषय नसून त्याचे विद्यापीठीय शिक्षण देता येते, ही कल्पना त्यामुळे या देशात रुजली. त्याच वर्षी कंपनी कायदा संमत होऊन लेखापरीक्षकांच्या पात्रतेसंबंधी तरतुदी झाल्या आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. हिशेबनीसाचे रूपांतर प्रमाणित व्यावसायिकात होण्याचा हा काळ होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर या महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची डॉक्टरेट अद्याप औपचारिक रीत्या प्रदान झालेली नव्हती. प्रबंध छापून सादर करण्याची अट पूर्ण झाल्यावर कोलंबिया विद्यापीठाने ती १९२७ मध्ये दिली. प्रारंभी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे फारशा अपेक्षेने पाहिले नाही, परंतु त्यांच्या व्याख्यानांची तयारी आणि व्यासंग पाहून लवकरच वर्ग भरू लागला व अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी घेऊन येऊ लागले, असे कीर यांनी नोंदविले आहे. त्याच महाविद्यालयात अध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकाची पारख त्याच्या व्याख्यानावरून केली. आरंभीचे मत त्यांनी अनुभवाने बदलले. सहकाऱ्यांनी मात्र पारख करण्याची गरजच मानली नाही. विद्वत्ता हा ज्यांचा व्यवसाय होता त्यांनी असे वागावे, ही गोष्ट अध्यापक वर्गाने विसरू नये.

याच वर्षी, १९१८ मध्ये, भारतातील लहान शेतजमिनींविषयीचा त्यांचा लेख 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेताचा आकार लहान की मोठा हे एकट्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, भांडवल व श्रम या अन्य घटकांशी असलेल्या प्रमाणावरून ठरते, हा त्यातील मध्यवर्ती मुद्दा होता. शेतीवर साचलेल्या अतिरिक्त मनुष्यबळाला औद्योगिकीकरणाकडे वळविणे हा त्यांनी सुचविलेला उपाय होता. आकडा एकटा पाहू नये, तो कोणत्या प्रमाणात बसतो ते पाहावे, ही गुणोत्तर विश्लेषणाची दृष्टी येथे दिसते. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. त्यापूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले होते. साठविलेले पैसे आणि मित्रांचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले.

६. रुपयाचा प्रश्न : व्यक्तीवरील विश्वास की नियमावरील विश्वास

लंडन विद्यापीठाने १९२३ मध्ये त्यांना डी. एस्‌सी. पदवी दिली आणि त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रा. एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. लेखकाशी आपले अनेक बाबतींत मतभेद असल्याचे सांगूनही त्यांनी मांडणीतील ताजेपणाचे कौतुक केले.

१८९३ मध्ये भारतातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या. त्यानंतर देशात सुवर्ण परिमाण येईल अशी अपेक्षा असताना प्रत्यक्षात सुवर्ण विनिमय परिमाण अस्तित्वात आले. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचा पुरस्कार केला होता. आंबेडकरांनी तिला विरोध केला. रुपयाची परकीय विनिमयाची किंमत स्थिर दिसली, तरी देशातील त्याची क्रयशक्ती घटत असेल, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने ते चलन स्थिर नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. या पद्धतीत नाणी काढण्याचे प्रमाण सरकारच्या मर्जीवर राहते, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. म्हणून त्यांनी रुपयाच्या निर्मितीला निश्चित मर्यादा घालावी, टांकसाळ जनतेला तशी सरकारलाही रुपया पाडण्यासाठी बंद असावी, अशी सूचना केली.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्वस्त रुपयामुळे निर्यातदारांना होणारा लाभ हा देशाचा लाभ नसून किमतीच्या मागे राहणाऱ्या मजुरीतून, म्हणजे श्रमिकांच्या खिशातून आलेला असतो, हा त्यांच्या विवेचनातील मुद्दा आजही विचार करावयास लावतो. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. या बँकेची संपूर्ण रचना एका ग्रंथातून उचलली गेली, असे सरसकट विधान करण्यापेक्षा, चलनाचे नियमन कोणाच्या मर्जीवर नसावे या चर्चेत आंबेडकरांचा स्वर स्पष्ट होता, असे म्हणणे अधिक शास्त्रीय ठरेल.

पेढीच्या अनुभवातून हा सिद्धांत जन्मला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची मुळे चलनशास्त्रातच आहेत. तथापि दोहोंतील साम्य नजरेआड करता येत नाही. पेढीच्या ग्राहकांनी व्यक्तीकडे पाहून विश्वास काढून घेतला. चलनाच्या बाबतीत सरकार नावाच्या व्यक्तीकडे पाहून विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा होती. दोन्ही ठिकाणी विश्वासाला वस्तुनिष्ठ आधार नव्हता. तो आधार नियमाने द्यावा, हे आंबेडकरांचे उत्तर होते.

७. लेखाशिक्षणापासून लेखापरीक्षणापर्यंत

जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी मुंबईतील बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. म्हणजे ज्या काळात ते शाही आयोगापुढे चलनाविषयी साक्ष देत होते, त्याच काळात हिशेबनीस होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना ते कायदा शिकवीत होते. व्यापारी कायद्याचे एक तत्त्व येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानुसार सद्हेतूने व मोबदला देऊन हुंडी वा वचनचिठ्ठी घेणाऱ्याचा हक्क सुरक्षित राहतो, तिच्या पूर्वीच्या धारकाच्या हक्कात दोष असला तरीही. कागद हातोहात फिरतो आणि कायदा त्या कागदाकडे पाहतो. व्यापाराला हवी असलेली व्यक्तिनिरपेक्षता कायदा अशा रीतीने निर्माण करू शकतो.

याच काळात मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि पाठोपाठ मे महिन्यात बदलापूर येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मांजर्ली, कुळगाव, बदलापूर या आपल्या परिसराशी या अर्थशास्त्रज्ञाचा जोडला गेलेला हा धागा आहे. पाणवठा असो वा उत्सवाचे व्यासपीठ, सार्वजनिक जागेवर प्रत्येकाचा समान अधिकार असला पाहिजे, ही त्या वर्षाच्या चळवळीची मागणी होती. बाजारपेठ हीदेखील सार्वजनिक जागाच होय.

संविधानात या मागणीस कायद्याचे रूप आले. अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे व पाणवठे सर्वांना खुले केले आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही एक मर्यादा उरते. दुकानाचे दार कायदा उघडू शकतो. ग्राहकाने कोणत्या दुकानात जावे, हे मात्र तो सांगू शकत नाही. म्हणून माहितीच्या विश्वसनीयतेसाठी स्वतंत्र संस्थांची गरज राहते.

या दृष्टीने ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत झालेली चर्चा महत्त्वाची आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत डॉ. आंबेडकरांनी तेव्हा व्यक्त केले. संसदेने मंजूर केलेल्या खर्चाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे पाहणारा तोच असल्याने त्याला न्यायसंस्थेइतके तरी स्वातंत्र्य असावे, असा त्यांचा आग्रह होता आणि मसुद्यात ते पुरेसे नाही याबद्दल त्यांनी खंतही प्रकट केली. अनुच्छेद १४८ अन्वये या अधिकाऱ्यास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते. १९१७ मध्ये महालेखापालांच्या कार्यालयातून निघून जावे लागलेल्या उमेदवाराने ३२ वर्षांनी देशाच्या लेखापरीक्षकाला कोणाच्याही मर्जीने हलविता येऊ नये, असा आग्रह धरला.

८. आजचा संदर्भ

भांडवल बाजाराने पुढील काळात व्यक्तिनिरपेक्षतेच्या दिशेने लक्षणीय वाटचाल केली. १९२३ मध्ये मुंबई सरकारने ॲटले समिती नेमली आणि १९२५ मध्ये रोखे करारांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. १९५६ मध्ये केंद्रीय कायदा आला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार सुरू झाले. पडद्यावर केवळ भाव आणि संख्या दिसते. खरेदी कोणाची, विक्री कोणाची, हे दिसत नाही. भाव आणि वेळ यांच्या क्रमानेच व्यवहार जुळतो. ज्या बाजारात दलालाचा आवाज व चेहरा हीच ओळख होती, त्या बाजारात हे परिवर्तन मूलभूत होते.

सल्ल्याच्या क्षेत्रातही नियमन आले. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ मध्ये आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ मध्ये सेबीने विनियम केले. नोंदणी, पात्रता परीक्षा आणि हितसंबंधांचे प्रकटीकरण या अटींमुळे सल्लागाराची पत निदान तत्त्वतः कूळ-मूळ यांपासून वेगळी करण्यात आली. आपल्या महाविद्यालयांतून वाणिज्य पदवी घेऊन लोकलने मुंबईस जाणाऱ्या तरुण-तरुणींना प्रमाणपत्राच्या आधारे हा व्यवसाय करता येतो, ही गोष्ट लहान नाही.

परंतु नोंदणी क्रमांकाबरोबर सल्लागाराचे नावही छापलेले असते आणि आडनावावरून अंदाज बांधण्याची सवय समाजाने सोडलेली नाही. पडद्याने खरेदीदाराचे नाव झाकले, सल्लागाराचे झाकलेले नाही. सल्ला हा अखेरीस माणसाने माणसाला द्यावयाचा असतो. म्हणून विश्लेषकांच्या कामगिरीचे मूल्यमापन त्यांच्या भाकितांच्या अचूकतेवरून करण्याची शिस्त ग्राहकांत व अध्यापनात दोन्हीकडे रुजावी लागेल.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, १९१७-१८ मधील सल्लागार पेढीचे अपयश हे सल्ल्याचे अपयश नव्हते. ज्या बाजारात पत आणि प्रतिष्ठा एकरूप होती, त्या बाजाराच्या माहितीव्यवस्थेचा तो दोष होता. दुसरा, हा दोष केवळ स्पर्धेने दूर होत नाही, कारण ग्राहकाचा पूर्वग्रह बाजारात निर्वेध वावरू शकतो. तिसरा, चलनाच्या निर्मितीवरील मर्यादा, व्यापारी कायद्याचे अध्यापन आणि लेखापरीक्षकाच्या स्वातंत्र्याचा आग्रह यांत एकच सूत्र आढळते. आर्थिक विश्वास व्यक्तीच्या मर्जीवर वा जन्मावर न ठेवता तपासता येण्याजोग्या नियमावर ठेवावा, हे ते सूत्र होय.

वाणिज्याच्या अभ्यासक्रमात लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य शिकविताना पाश्चात्त्य कंपन्यांच्या घोटाळ्यांची उदाहरणे दिली जातात आणि ती योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला या पेढीचे उदाहरण द्यावे, असे सुचवावेसे वाटते. घोटाळ्याच्या उदाहरणांत खोट्या आकड्यावर विश्वास ठेवला गेला, तर येथे अभ्यासपूर्ण सल्ल्यावरील विश्वास त्याची परीक्षा न घेताच काढून घेण्यात आला. बाजाराची हानी दोन्ही प्रकारे होते. मुंबईतील ग्राहकांनी त्या वर्षी एक सल्लागार गमावला. त्यापायी त्यांना काय मोजावे लागले, याची नोंद कोणत्याही खतावणीत होणे शक्य नव्हते.